शेऱ्याचा रकाना

पाड्यावर पोचेपर्यंत ऊन चढलंय. बदलापूर स्टेशनाबाहेर शेअर रिक्षा मिळाली, बारवी धरणाच्या रस्त्याला फाट्यावर उतरलीस आणि तिथून पायी आलीस. भाताची कापणी उरकलीय, खळ्यावर पेंढ्याचा वास आहे. सॅकमध्ये घडी घातलेला एप्रन, बीपीचं मशीन, वजनकाटा आणि लाल पुठ्ठ्याचं एक रजिस्टर. तू एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहेस. घर बदलापुरात, कॉलेज लोकलनं पार मुंबईच्या टोकाला. २०२२ पासून देशभरच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षापासूनच गावातली काही कुटुंबं ‘दत्तक’ दिली जातात, त्या नियमानं तुझ्या वाट्याला पाच घरं आली. दत्तक हा शब्द मला पटत नाही. सत्तरीच्या आजीला एकोणीस वर्षांच्या पोरीनं दत्तक कसं घ्यायचं? घेतलंय ते त्या घरानं तुला. पाणी विचारतात, चहा ठेवतात, निघताना ओंजळभर चिंचा देतात.

आजी ओट्यावर सुपात तांदूळ पाखडतेय. तुला पाहून हात थांबवत नाही.

“बाय, मागल्या येळेला रगत नेलास. त्याचा काय झाला?”

तू रजिस्टर उघडतेस. नाव, वय, नातं, शिक्षण, वजन, रक्तदाब, पाण्याची सोय, संडास. सगळे रकाने सुवाच्य अक्षरात भरलेत. शेवटचा रकाना शेऱ्याचा. तो पाचही घरांपुढे कोरा आहे. रक्ताच्या तपासणीचा कागद आलाय, महिना झाला. तो तुझ्या घरी पॅथॉलॉजीच्या जर्नलखाली पडलाय. त्यातले आकडे तू प्रोजेक्टच्या तक्त्यात भरलेस, टक्केवारी काढलीस, पाच घरांचा एक रंगीत आलेखही केलास. फक्त ज्यांचं रक्त होतं त्यांना सांगायचं राहिलं.

“आणते हां आजी,” तू म्हणतेस. आजी मान डोलावते. तिच्या मान डोलावण्यात राग नाही, आणि तेच तुला लागतं.

परतीच्या वाटेवर, बदलापूरच्या फलाटावर, तू रजिस्टर मांडीवर घेऊन बसतेस. लाल पुठ्ठा उघड. वाऱ्यानं पानं मागं उलटायला लागलीत, ती धरू नकोस. तारखांचा रकाना बघ: चोवीस, दहा, अठ्ठ्याऐंशी, एकोणसत्तर. गाडी आलीय. तिचा आवाज निराळा आहे. चढ.

अंबरनाथ गेलं की पुढचं स्टेशन उल्हासनगर, हे तुला झोपेतही कळतं. पण आज ते नाव कुठंच नाही. १९४८ साल चालू आहे, आणि ते नाव मिळायला अजून वर्ष जायचंय. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी इथं येतील, नव्या वसाहतीचा दगड बसवतील, आणि शेजारच्या उल्हास नदीवरून हे गाव उल्हासनगर होईल. आज याला म्हणतात कल्याण कॅम्प. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी उभारलेल्या लांबच लांब बराकी, आणि त्यांत फाळणीनंतर सिंधमधून आलेली, लाखाच्या आसपास माणसं.

तू एका बराकीत शिरतेस. सैनिकांच्या खाटांसाठी बांधलेल्या त्या एकाच लांब खोलीत आता गोणपाटाचे आणि चादरींचे पडदे टांगलेत. दोन पडद्यांमध्ये एक घर. एका घरातला खोकला पुढच्या चार घरांत ऐकू जातो. बाहेर बाया पापड लाटून उन्हात घालतायत. कालपर्यंत दुकानाच्या गादीवर बसलेला कुणी आज गोळ्या-बिस्किटांची पेटी गळ्यात अडकवून लोकलकडे निघालाय. तुझ्या ओळखीच्या ‘कॅम्प तीन’, ‘कॅम्प चार’ या पत्त्यांतला कॅम्प हा शब्द कुठून आला, ते आता तुझ्या नाकाला, कानाला कळतंय.

दवाखान्यापुढं रांग आहे. रांगेत एक बाई, कडेवर तीनेक वर्षांचं पोर. तू थांबतेस. पोराचा रंग मेणासारखा. गालाची हाडं वर आलेली, कपाळ पुढं. अंग काटकुळं आणि पोट मात्र फुगलेलं. हात आपोआप पुढं जातो. डाव्या बरगडीखाली चार बोटं प्लीहा लागते.

तुला निदान ठाऊक आहे. गेल्याच महिन्यात तू त्यावर दहा मार्कांचं उत्तर लिहिलंस. थॅलेसेमिया मेजर, रक्ताचा आनुवंशिक आजार. पण इथं, या रांगेत, ते कुणाला सांगशील? या आजाराचं वर्णन पहिल्यांदा केलं ते अमेरिकेत कूली यांनी, १९२५ मध्ये. भारतातली पहिली नोंद कोलकात्याची, १९३८ ची. वाहक ओळखायला तुम्ही ज्याचा आधार घेता तो हिमोग्लोबिन ए-टू १९५५ पर्यंत कुणाच्या नजरेलाही पडायचा नाही. टेबलामागचे डॉक्टर दमलेत, रांग संपत नाही. ते पोट चाचपतात आणि लिहितात तेच जे त्या काळात कुणीही लिहिलं असतं: हिवताप, अशक्तपणा. लिहून पुढचं नाव पुकारतात.

हिवताप हा तर्क अगदीच चुकलेला नाही, फक्त तो काही हजार वर्षं उशिरा आलाय. जिथं हिवताप पिढ्यान्‌पिढ्या मुलं नेत होता, त्या नदीकाठांवर थॅलेसेमियाचं एकच जनुक अंगात असलेली, म्हणजे वाहक, मुलं जरा जास्त जगली. म्हणून ते जनुक टिकलं, पसरलं. सिंधूच्या खोऱ्यातल्या माणसांत ते राहिलं. फाळणीत घर गेलं, दुकान गेलं, शेत गेलं. रक्तातली ती खूण मात्र सरहद्द ओलांडून उल्हासच्या काठी आली.

बाई कागद उलटसुलट करून बघते. मग तुझ्याकडं वळते. तुझ्या पांढऱ्या कपड्यांमुळं असेल.

“छा थियो?” ती विचारते. काय झालं?

भाषा वेगळी, पण प्रश्न तुझ्या ओळखीचा आहे.

दोनच वर्षांपूर्वी, १९४६ मध्ये, सर जोसेफ भोर यांच्या समितीनं आपला अहवाल सरकारला दिलाय. भोर मूळचे नाशिकचे. देशाला ‘सामाजिक वैद्य’ हवा आहे, आणि डॉक्टर होणाऱ्याला माणसांच्या वस्तीत नेऊन शिकवलं पाहिजे, असं त्यात छापलंय. पण या बराकीत तो वैद्य अजून पोचलेला नाही. पान उलट.

आता पायाखाली काळी माती आहे. वर्धा जिल्हा, सत्तरच्या दशकाची सुरुवात. सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली १९६९ मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी. चालवणाऱ्या डॉ. सुशीला नायर, स्वतः गांधीजींच्या डॉक्टर, पुढं देशाच्या आरोग्यमंत्री, आणि मंत्रिपदानंतर परत या खेड्यात. इथं प्रवेश घेतलेली मुलं आधी पंधरा दिवस आश्रमात राहतात: प्रार्थना, सूतकताई, झाडलोट. आणि मग सगळी तुकडी पंधरा दिवस एका खेड्यात मुक्कामाला जाते.

तू त्या मुक्कामाच्या गावात आहेस. तुझ्याच वयाची मुलं-मुली, अंगावर खादी, हातात पाट्या आणि कागद. अजून शरीररचनेचा पहिला खंडही संपलेला नाही, स्टेथोस्कोप धरायची सवय नाही. प्रत्येकाला काही घरं वाटून दिलीत. सकाळी त्या घरी जायचं, बसायचं, कोण काय खातं, विहीर कुठाय, शेवटचं बाळंतपण कुणी केलं ते विचारायचं. संध्याकाळी शिक्षकांसमोर ते मांडायचं. एक मुलगी वहीत मान खाली घालून भराभर लिहितेय. घरधनीण तिच्याकडं बघत बसलीय.

“पोरी, लिवून झालं की जाशीन ना तू?” ती विचारते.

“पुढच्या महिन्यात पुन्हा येईन, मावशी.”

“खरंच येशीन?”

मुलगी वर बघते. या कॉलेजचा सगळा अर्थ मला त्या उत्तरात दिसतो, कारण ती खरंच येणार आहे. मुक्काम संपला तरी घरं सुटत नाहीत. तीच घरं, तीच मुलगी, महिन्यामागून महिने. पहिल्या भेटीत पोटुशी असलेल्या सुनेचं मूल तिच्या डोळ्यांसमोर रांगायला लागेल. परीक्षेत ‘कुपोषणाची कारणं लिहा’ असं येईल, तेव्हा तिला मावशीच्या घरातलं रिकामं डबडं आठवेल. तुझ्या सॅकमधलं लाल रजिस्टर ज्या कल्पनेतून आलं, ती इथं अशी पायी चालताना बघून ठेव. नियम होण्याच्या पन्नास वर्षं आधी.

याच सेवाग्रामच्या मातीत एक मुलगा लहानाचा मोठा झाला. तो आणि त्याची पत्नी, दोघं डॉक्टर, नागपूरला शिकले, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकले, आणि १९८६ मध्ये गडचिरोलीला जाऊन राहिले. अभय आणि राणी बंग. पुढचं पान त्यांचं आहे. इथं जरा जास्त वेळ थांबू.

वसा आणि अमिर्झा ही दोन गावं. डॉ. राणी बंग एका साध्या खोलीत बायकांना तपासतायत. बाहेर बायका बसल्यात, पदर तोंडाला, हळू बोलणं. अंगावर जाणं, पोटात दुखणं, पाळीचं काही. ज्या गोष्टी सासूला सांगता येत नाहीत, नवऱ्याला सांगता येत नाहीत, त्या सांगायला त्या आल्यात. ६५० जणींची तपासणी होते. स्वतःहून तक्रार सांगणाऱ्या साधारण निम्म्या, शंभरात ५५. तपासल्यावर कसला ना कसला स्त्रीरोग निघतो शंभरात ९२ जणींना. आणि याआधी कधी कुणी तपासलेल्या शंभरात फक्त ८. जानेवारी १९८९ मध्ये हे आकडे ‘लॅन्सेट’मध्ये छापून येतात. तोवर खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढंच जगाला ठाऊक होतं.

पण तू आकडे लिहून घेऊ नकोस. खोलीच्या दाराकडं बघ. तपासून झालेली बाई बाहेर येते तेव्हा तिच्या हातात औषध आहे, आणि तिला काय झालंय ते तिला तिच्या भाषेत सांगितलेलं आहे. अभ्यास म्हणून तिची नोंद झाली आणि रुग्ण म्हणून तिच्यावर उपचार झाले, दोन्ही एकाच खोलीत, एकाच बैठकीत. यातलं एक वजा केलं असतं तर? नुसता अभ्यास केला असता तर ६५० बायांची लाज उघडी करून आपण निघून गेलो असतो. नुसते उपचार केले असते तर दोन गावांपलीकडं कुणालाच कळलं नसतं की हे घराघरांत आहे.

आता एका झोपडीत ये. रात्र आहे, चिमणीचा उजेड. गावची दाई तान्ह्या बाळाच्या छातीवर नजर रोखून बसलीय. तिला आकडे वाचता येत नाहीत, घड्याळ कळत नाही. तिच्या हातात बंगांनी तिच्यासाठी बनवलेलं साधं यंत्र आहे: एक मिनिटाची वाळूची घडी आणि तारेवर ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत हात पोचला, म्हणजे श्वास फार जलद आहेत, म्हणजे न्यूमोनिया. मणी सरकतायत. तू तिच्या खांद्यावरून बघतेस. लाल मणी सरकतो आणि वाळू अजून उरलीय. दाई शेजारच्या आजीकडं बघून मोठ्यानं सांगते: “निमोनिया हाय.” आणि औषधाची बाटली काढते.

मोजणं, निदान, सांगणं, उपचार. या चार गोष्टींमध्ये इथं एका श्वासाचंही अंतर नाही. तुझ्या रजिस्टरात मोजणं आणि सांगणं यांच्यामध्ये महिना गेला.

१९८८ मध्ये या भागात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२१ पहिल्या वाढदिवसाआधी जात होती. पुढच्या दशकात गावातल्याच, थोडं शिकलेल्या बायका आरोग्यदूत झाल्या. बाळंतिणीच्या घरी जाऊन त्यांनी नवजात बाळाचं वजन केलं, ऊब दिली, जंतुसंसर्ग ओळखून गरज पडली तर इंजेक्शनही दिलं. ३९ गावांत हे झालं, शेजारच्या गावांशी ताडून पाहिलं गेलं, आणि नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी उतरले. १९९९ मध्ये तेही ‘लॅन्सेट’मध्ये आलं. आज तुझ्या पाड्यावर आशाताई बाळंतिणीच्या घरी जाते, तिच्या त्या पावलांमागं ही वाट आहे.

चल, परत आपल्याकडं. रजिस्टरात एकच जुनं पान राहिलंय.

उल्हासनगर, या शतकाची पहिली वर्षं. एका कॉलेजचा हॉल. पंखे गरगरतायत, बाकांवर मुलं-मुली, दंडाला रबराची पट्टी, कुणी डोळे मिटलेत, कुणी हसून भीती लपवतंय. ही थॅलेसेमियाची तपासणी आहे. याच काळात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा मोठा अभ्यास मुंबईसह सहा शहरांत चाललाय. कॉलेजची मुलं आणि गरोदर बाया मिळून ५६,७८० जणांचं रक्त त्यात तपासलं जाईल, आणि शंभरात सरासरी २.७८ जण वाहक निघतील. ही त्या सहा शहरांची सरासरी. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली अशा काही समाजांत प्रमाण याहून पुष्कळ जास्त आहे, म्हणून इथल्या हॉलमध्ये प्रत्येक नळीला वजन आहे.

तिसऱ्या बाकावरचा मुलगा बघ. एकोणीस वर्षांचा, क्रिकेट खेळतो, गजानन मार्केटात वडिलांचं कापडाचं दुकान आहे. तब्येतीला काही झालेलं नाही. पण यंत्रातून निघालेल्या कागदावर त्याचं हिमोग्लोबिन ए-टू पाच टक्क्यांच्या वर आहे. साडेतीन-चारच्या पुढं गेलं की माणूस वाहक. आणखी खोल गेलं तर कदाचित त्याच्या जनुकात ६१९ अक्षरांचा एक तुकडा गळालेला सापडेल. सिंधी घरांत हा दोष पुष्कळदा दिसतो. बराकीतल्या त्या बाईच्या रक्तातही असेल. तिच्या ‘छा थियो’चं उत्तर चालून चालून पन्नासेक वर्षांनी या कागदापर्यंत आलंय.

आता काय होतं ते नीट बघ, कारण तुझ्यासाठी ह्या पानावर मी याचसाठी आलोय.

कागद पाकिटात घालून कॉलेजच्या ऑफिसात ठेवता आला असता. नोटीस बोर्डावर यादी लावता आली असती. दोन्हीही ‘कळवलं’ या शब्दात बसतं. पण समुपदेशन करणारी एक ताई त्या मुलाला एकट्याला बाजूच्या खोलीत बोलावते, दार लोटते, आणि पहिलंच वाक्य म्हणते: “तू आजारी नाहीस.” मग थांबते. ते त्याच्या आत पोचू देते. मग कागदावर दोन गोल काढते, एक त्याचा, एक त्याच्या होणाऱ्या बायकोचा. तीही वाहक असेल तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता, मूल मेजर असण्याची. म्हणजे दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवणं, त्या रक्तानं साठणारं लोह काढायला रोजचं औषध, जन्मभर. ती नसेल, तर तो धोका नाही. म्हणून लग्न ठरवताना तिचीही तपासणी, आणि दोघंही वाहक निघाले तर गरोदरपणात वेळेवर बाळाची.

मुलगा गप्प आहे. मग विचारतो, “घरी सांगू का? ताईचं लग्न जमायचंय.”

हा प्रश्न कुठल्याही प्रश्नपत्रिकेत नाही. यादी जपून का ठेवायची, रिपोर्ट दुसऱ्याच्या हातात का द्यायचा नाही, बहिणीलाही तपासायला कसं सांगायचं आणि तरी तिच्या स्थळाला गालबोट लागू द्यायचं नाही, हे सगळं त्या लोटलेल्या दारामागं पुढची चाळीस मिनिटं चालतं. माझ्या मते वैद्यकाचा सगळ्यात अवघड धडा याच चाळीस मिनिटांत आहे, आणि तो शिकायला कॉलेजच्या बाहेर, असल्या हॉलच्या बाजूच्या खोलीत, कुणाच्या तरी शेजारी गप्प बसावं लागतं. तू गप्प बसून बघतेस. ताई शेवटी आपल्या वहीत मुलाच्या नावापुढं काहीतरी लिहिते. तू वाकून वाचतेस. शेऱ्याचा रकाना आहे. ‘सांगितलं. बहिणीला घेऊन शनिवारी येतो म्हणाला.’

पानं सरळ झालीत. तू उल्हासनगरच्या बाजूनं वालधुनीच्या कडेकडेनं अंबरनाथकडं चालतेयस. पाण्याचा रंग बघून मान फिरवू नकोस, त्याच्याही काठावर घरं आहेत आणि त्या घरांतही कुणीतरी रजिस्टर घेऊन जायला हवंय. पुढं याच वालधुनीच्या काठी शके ९८२ मधलं, १०६० सालचं शिवमंदिर उभं आहे. आणि या गावाला आता स्वतःचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. ९ ऑक्टोबर २०२४ ला राज्यात एकदम दहा महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, सगळी मिळून ९०० जागा, त्यातलं एक अंबरनाथचं. तुझ्या मागून येणाऱ्या मुलांना बारवीच्या रस्त्यावरचे पाडे, मलंगगडाच्या पायथ्याची गावं, कॅम्पातल्या गल्ल्या, सगळं हाकेच्या अंतरावर असेल. मला त्यांचा हेवा वाटतो. इतका दूरवरचा इतिहास आणि इतके जवळचे रुग्ण एकाच लोकलच्या चार स्टेशनांत फार कमी जणांना मिळतात.

घरी पोचल्यावर तू आधी जर्नल उचलतेस. कागद सापडतो. पाच घरं, एकवीस नावं. बोट एकेका ओळीवरून खाली येतं आणि आजीच्या सुनेच्या नावाशी थांबतं. हिमोग्लोबिन ७.९. महिन्यापूर्वी हा तुझ्या आलेखातला एक ठिपका होता. आता आठवतं, ती पाचव्या महिन्यात होती. म्हणजे सहावा लागला.

शनिवारची वाट बघत नाहीस. दुसऱ्या दिवशी सकाळी आधी तुझ्या मॅडमना फोन करतेस, मग आशाताईला, आणि पहिल्या शेअर रिक्षानं निघतेस. फाट्यावर आशाताई उभी आहे. दोघी चालत जाता. आजी ओट्यावर, आज वाल सोलतेय. सून आतून हंडा घेऊन बाहेर येतेय, दाराशी जरा टेकते, मग तुला बघून हसते.

“आजी, रक्ताचं सांगायला आले. उशीर झाला माझ्याकडून.”

तू दोघींना सांगतेस. आकडा नाही, रक्त कमी आहे म्हणजे काय ते. दम का लागतो, बाळाला काय कमी पडतं, गोळ्या कधी घ्यायच्या आणि चहासोबत का घ्यायच्या नाहीत. हे आधीच व्हायला हवं होतं, तेही सांगतेस. उद्या आशाताईसोबत आरोग्य केंद्रात जायचं, तिथं पुढच्या तपासण्या होतील, तू बरोबर असशील. सून हंडा खाली ठेवते. आजी वालाची शेंग हातात तशीच धरून ऐकते, मध्ये एकदा आशाताईकडं बघते, हे खरं ना म्हणून.

“मंग आजच जाऊ ना,” आजी म्हणते. “उद्याला कशाला?”

आशाताई तुझ्याकडं बघते. तू रजिस्टर सॅकमध्ये टाकतेस आणि सुनेच्या हातातली पिशवी घेतेस.